गिरणीच्या रांगेतला कॅप्टन

एकाच अंतराळजहाजाच्या आजवर तीन मालिका निघाल्या. पहिली आम्ही शाळेत असताना, दुसरी गावात केबल आली तेव्हा आणि तिसरी आत्ता, मोबाइलवर. म्हसावदला आमच्या मंडळींत त्यांना त्यांच्या नावानं कोणी ओळखत नाही. थोरली, मधली आणि धाकटी असंच म्हणतात, एका घरातल्या तीन सुना असाव्यात तसं. आणि सुनांवरून घरात जितकी भांडणं होतात तितकीच या तिघींवरून आमच्यात होतात.

थोरलीचा वकील माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. सगळं गाव त्याला भाऊ म्हणतं, म्हणून मीही म्हणते. पपई, केळी, थोडा ऊस असं करणारा पक्का शेतकरी माणूस. पण थोरलीचा विषय निघाला की नववीतला होतो. मधलीची बाजू घेतात मिस्तरी. विहिरीच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. आणि धाकटीची बाजू भाऊचीच मुलगी घेते. ती लोणखेड्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि बापाला उलट उत्तर देण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मला ती फुई म्हणते. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

मी शहाद्याला राहते, तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि महिन्यातले दोन रविवार तरी माहेरी जाते. गाडी आधी मिस्तरींच्या दुकानासमोर लागते, मग घरासमोर. आईला हे मुळीच आवडत नाही. धाकटीचा नवा भाग शुक्रवारी येतो, त्यामुळे रविवारपर्यंत सगळ्यांचा बघून झालेला असतो आणि डोकी तापलेली असतात.

धाकटीत कॅप्टन बाई आहे. ती हुकूम सोडत नाही, सगळ्यांना विचारते, चुकते, एकटी बसून विचार करते. भाऊला ते मुळीच सहन होत नाही.

"अर्धा घंटा ती बाई खिडकीमाईन बाहेर देखस," तो म्हणायचा. "इतलं ते मी मन्हा वावरलेबी देखत नही."

"म्हणूनच वावरात गवत माजलंय," मुलगी म्हणायची. मग तिचा आवडता मुद्दा यायचा, की थोरलीतलं जहाज थर्माकोलचं होतं आणि ते सरळ दिसायचं.

"थर्माकोलनं व्हतं ते व्हतं. गणपतीनं मखर बी थर्माकोलनं ऱ्हाये. म्हनीसन काय गणपती खोटा व्हता?"

यावर मिस्तरी हसायचे आणि मधलीचं घोडं पुढे दामटायचे. मधलीत लढाया होत्या, स्फोट होते, जहाजाचं इंजीन उघडून दाखवलं होतं. धाकटीत इंजीन आहे कुठे, असा त्यांचा सवाल असे. मुलगी त्यांना समजावायची, की काका, अंतराळात हवाच नाही, तर स्फोटाचा आवाज येईलच कसा? धाकटीत सगळं शांत दाखवलंय तेच शास्त्राला धरून आहे.

"आवाजच नही ते मोटर चालू शे का बंद, कसं समजी?" मिस्तरी विचारायचे. माणूस आयुष्यभर मोटारीला कान लावून बसलेला. त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं.

शेवटी भाऊ आपला हुकमाचा पत्ता काढायचा. थोरलीतल्या एका भागात शत्रूचं जहाज बंद पडून वाहत येतं. त्यातली माणसं तहानेनं मरायला टेकलेली असतात. सगळे म्हणतात, उडवा. कॅप्टन ऐकून घेतो आणि आपल्या जहाजातलं अर्धं पाणी नळी जोडून त्यांना देतो. "त्यानी दुश्मनले पानी दिधं," भाऊ म्हणायचा. "तुन्ही बाईनी आजपावत कोनले काय दिधं?"

"असं खरंच होतं कशावरून?"

"तुन्ही फुईले इचार."

मग सगळे माझ्याकडे बघायचे. थोरलीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. कारण आमच्या पिढीत थोरलीचे भाग पूर्ण पाहिलेली मी एकटीच होते. मी चहाचा कप खाली ठेवून, वर्गात सांगते तशा आवाजात तो प्रसंग सांगायचे. नळी कशी जोडली, शत्रूच्या सेनापतीनं पहिला घोट आपण न घेता कोणाला दिला, सगळं. त्या रविवारपुरता भाऊ जिंकायचा.

आता एक गोष्ट सांगते, जी मी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. थोरली मी पाहिलेलीच नाही. अर्धा भागसुद्धा नाही.

झालं असं. तेव्हा गावात मोजके टीव्ही होते, त्यातला एक आमच्या मोठ्या काकांकडे, म्हणजे भाऊच्याच घरी. मालिका रविवारी सकाळी साडेनऊला लागायची आणि तासभर चालायची. पण दहाच्या ठोक्याला म्हसावदची लाइन, म्हणजे वीज, जायची ती दुपारी यायची. त्यामुळे गावातल्या सगळ्या पोरांनी प्रत्येक भाग अर्धाच पाहिला. कॅप्टन नेमका संकटात सापडायचा आणि टीव्ही बंद पडायचा. शहाद्यात मात्र रविवारी लाइन असे.

मी सातवीत होते. दर शनिवारी शाळा सुटली की मला शहाद्याला मावशीकडे पाठवायचे, कारण रविवारी दुपारी तिथे इंग्रजी-गणिताची शिकवणी होती. गावातून शिकवणीला शहाद्याला जाणारी मी एकटीच, आणि त्याचा मला कोण तोरा! मावशीकडे टीव्ही होता. लाइनही होती. पण लाइन होती म्हणून गिरणीही चालू असे, आणि आठवड्याचं दळण रविवारी सकाळी नेण्याचं काम माझ्याकडे लागलं. नऊला रांग धरायची, नंबर येईपर्यंत दळणाच्या डब्यावर बसायचं, घरी यायला अकरा. मावशी वाईट नव्हती. तिचे गुडघे धरलेले असत आणि घरात मोकळं असं मीच होते. पण मला त्या रांगेत फार वाईट वाटायचं. गावी सगळे एकत्र बसून कॅप्टन बघतायत आणि मी इथे पिठात माखतेय, हे मनातून जायचंच नाही.

पहिल्या सोमवारी शाळेच्या वाटेवर भाऊनं आणि बाकीच्यांनी मला घेरलं. लाइन गेल्यावर पुढे काय झालं? तू तर शहाद्याला होतीस. आता मी दळण आणायला गेले होते असं सांगायचं, तर माझा तोरा तिथेच उतरला असता. मी म्हटलं, "आधी तुम्ही कुठपर्यंत पाहिलं ते सांगा, म्हणजे मला कुठून सुरू करायचं ते कळेल."

आजही मला या वाक्याचं कौतुक वाटतं. त्यांनी अर्धा भाग मला नीट, हातवारे करून सांगितला आणि उरलेला अर्धा मी तिथल्या तिथे रचला. मालिका चौदा भाग चालली. चौदा सोमवार मी हेच केलं.

माल मात्र मी गिरणीतून आणायचे. रांगेत माझ्या डोळ्यांपुढे जे घडे तेच मंगळाच्या पलीकडे नेऊन सोडायचे. गिरणीवाला, ज्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या असत, तो शत्रूच्या राजाचा सल्लागार झाला. पाण्याचा प्रसंगही तिथलाच. दोन बायका नंबरावरून कडाकडा भांडल्या होत्या. शेजारच्या चक्कीत मिरची दळायला टाकली, एकीच्या लेकराला ठसका लागला, काही केल्या थांबेना. तर दुसरीनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी ते पाहिलं आणि सोमवारी कॅप्टनला तसंच वागायला लावलं.

हे एवढ्यावरच राहिलं असतं तर मला कधी टोचलंही नसतं. लहानपणी कोण थापा मारत नाही? पण भाऊनं ती थाप खरी मानून शेतात वापरली.

भाऊच्या वावराला लागून आबांचं वावर. दोन्ही घरांचं बांधावरून वाकडं, ते आमच्या वडिलांच्या वेळेपासून. लग्नाला बोलावणं नाही, मयताला जाणं नाही. पाचेक वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आबांच्या बोअरची मोटर जळाली. मिस्तरींकडे तांब्याची तार नव्हती, मोटर आठ दिवस दुकानात पडून. आबांची पपई फळावर आलेली आणि वर ते ऊन. पानं खाली पडायला लागली. तिसऱ्या दिवशी भाऊनं स्वतः बांध ओलांडून पाइप टाकला आणि आपल्या बोअरचं अर्धं पाणी आबांकडे सोडलं. घरात काकांनी आकाशपाताळ एक केलं. भाऊ एवढंच म्हणाला, "कॅप्टननी दिधं व्हतं." काकांना वाटलं कोणी मिलिटरीतला माणूस असेल.

तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं सुरू झालं, आणि भाऊचं हे वाक्य गावात सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी ऐकलं तेव्हा मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण भाऊ इतका खूश होता, आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या थापेवर एक पपईचा बाग जगला होता.

मग गेल्या हिवाळ्यात आमच्या चौघांच्या ग्रुपवर भाऊच्या मुलीचा मेसेज आला. थोरलीचे सगळे भाग साफसूफ करून मोबाइलवर टाकलेत. आता तोंडी साक्ष चालणार नाही, थोरली आणि धाकटी शेजारी ठेवून बघू. रविवारी सकाळी आमच्या घरी. पहिला भाग कोणता, हे आप्पांनी ठरवावं.

आप्पांनी, म्हणजे भाऊनं, लगेच ठरवलं. पाण्याचा.

आधी मी शहाणपणा करून पाहिला. लिहिलं, की लहानपणी आवडलेलं मोठेपणी पाहू नये, गोडी जाते. मुलीनं उत्तर दिलं, "फुई घाबरली." ते वाचून मी इतकी चिडले की काय सांगू, कारण ते खरं होतं. शाळेत त्या दिवशी माझ्याकडून दोन वर्गांना विनाकारण बोलणी बसली.

नवरा म्हणाला, "तू स्वतः तरी एकदा बघून घे. काय सांगावं, तसंच असायचं." शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर मी जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन थोरलीचा तो भाग लावला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कॅप्टनचा चेहरा पाहिला. मी मनात धरला होता त्याहून तो जाडा होता. पहिला अर्धा भाग पोरांनी सांगितला होता तसाच्या तसा. मग शत्रूचं जहाज वाहत आलं. सगळे म्हणाले, उडवा. कॅप्टननं दोन मिनिटं विचार केला आणि उडवलं. मग तो काहीतरी विनोद बोलला, सगळे हसले, आणि संपलं.

भीती तर होतीच, पण त्याहून आधी मला राग आला. एवढा चांगला प्रसंग हाताशी असताना या लोकांनी त्याचं काय मातेरं केलं! मी नवऱ्याला म्हटलं, माझा शेवट चांगला होता. तो म्हणाला, "उद्या हे भाऊला सांग."

सांगायचंच ठरवून मी रविवारी तासभर आधी गेले. भाऊला बाजूला घ्यायचं आणि सगळं ओकून टाकायचं. पण अंगणात पोचले तर वहिनी चिवड्याला फोडणी देत होत्या, मिस्तरी दुकान बंद ठेवून आले होते, आणि ओसरीवर धुतलेला पांढरा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून आबा बसले होते. भाऊनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ज्या भागामुळे तुमची पपई वाचली तो दाखवतो म्हणून.

"ये वं, ये," भाऊ मला म्हणाला. "आबासले मी म्हनं, मन्ही बहीणनीच मले हाई सांगं व्हतं."

आबांनी मला हात जोडले. मी त्यांना काय सांगणार होते? मी चिवडा घेऊन मुकाट्यानं कोपऱ्यात बसले.

टीव्ही मोठा होता, भिंतीएवढा वाटावा असा. जहाज दिसलं आणि भाऊच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. थर्माकोल दिसत होतं, मुलगी हसत होती, तिला भाऊ गप्प करत होता. जिथे तेव्हा लाइन जायची ती जागा आली. भाऊ आबांकडे वळून म्हणाला, "आते देखा."

आबांनी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कॅप्टननं बटण दाबलं आणि शत्रूच्या जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. कॅप्टनचा विनोद झाला, टीव्हीतली माणसं हसली, आणि नावं वर सरकायला लागली.

आधी मिस्तरींना हसू फुटलं. "भाऊ, तू ते फुकटमा पानी दिधं रे!"

भाऊ म्हणाला, दुसरा भाग असेल. मुलीनं नाव तपासलं, हाच होता. काहीतरी कापलं असेल, तो म्हणाला. मग ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फुई?"

मी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, मावशीचे गुडघे, गिरणी, रांग, चौदा सोमवार. सांगताना मला स्वतःची चीड येत होती. माझं झाल्यावर भाऊनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि वावरात निघून गेला. वहिनी त्याला हाक मारत राहिल्या.

मिस्तरी एकदम गरीब होऊन बसले. आबांनी आपला चहा सावकाश संपवला, टोपी डोक्यावर ठेवली आणि उठताना मला म्हणाले, "पानी ते खरंच व्हतं ना, ताई." मला धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण माझा जीव अडकला होता तो भाऊत.

आठ दिवस त्याचा फोन नाही. ग्रुपवर शब्द नाही. शुक्रवारी धाकटीचा नवा भाग आला, त्यातही ती बाई भरपूर वेळ खिडकीत उभी होती, तरी हा गप्प. मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. भाऊ रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी झेलल्या असत्या. पण मी त्याला चारचौघांत, आणि तेही आबांसमोर, वेड्यात काढलं होतं. सख्ख्या भावाहून जवळचा माणूस मी एका पोरकट तोऱ्यापायी गमावला, असंच मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. ठिबकच्या नळ्या घ्यायला आलो होतो, म्हणाला. रविवारी ते दुकान बंद असतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी खुर्ची दिली. तो बसला, पाणी प्याला, घसा साफ केला.

"बठा भाग देखात," तो म्हणाला. "चौदाना चौदा."

मी मान खाली घालून उभी होते.

"अकरामा तुन्हं बरं शे. तीनमा त्यासनं."

मला कळायलाच क्षणभर वेळ लागला. आणि कळल्यावर, माफी मागायची सोडून, मी विचारलं, "कोणते तीन?"

त्यानं सांगितले. त्यातल्या दोन भागांबद्दल मला ते अजिबात पटलं नाही. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि आम्ही कडकडून भांडलो. स्वयंपाकघरातून नवरा डोकावून गेला आणि चहा ठेवायला परत आत गेला. भाऊचं म्हणणं, की विषारी धुक्याच्या भागात माझा कॅप्टन फार सहज सुटतो. त्यांच्यात त्याचा हात भाजतो ते बरं. मी म्हटलं, हात भाजण्यात काय मोठेपणा आहे? तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझ्याशी रोजच्यासारखा भांडतोय, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मधेच थांबले.

"आणि पाण्याचं?" मी विचारलं.

"तठे त्यासनं चुकनं," भाऊ म्हणाला.

चहा आला. मुलगी नाराज आहे का, असं मी विचारलं. नाही, म्हणाला, ती म्हणते, धाकटी लिहायला फुई हवी होती. धाकटी मात्र तिला अजून आवडतेच, त्याला इलाज नाही.

मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "एक भाग शे. नववा. पोर चंद्रवर ऱ्हई जास तो. त्यासनामा ते तिले सोडीच देतस. तुन्हा सांग ना एकदाव. मले तो आयकाना शे."

मी आठवायला लागले. काहीच हाताला लागेना. चंद्र आठवत नव्हता, पोर आठवत नव्हती. तीस वर्षं मी पाण्याचा तेवढा प्रसंग घोकून सांगत आले होते. बाकीचे रचले त्याच दिवशी सोडून दिले होते. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

"तुले याद नही?" तो म्हणाला, आणि मग तोच सांगायला लागला. जहाजावर भांडी घासणारी एक पोर असते. एका चंद्रावर सगळे पाणी शोधायला उतरतात आणि तिला विसरून जहाज निघून जातं. "ती पोर एकलीच ऱ्हई गयी. रडनी नही. एक डब्बावर बशी ऱ्हायनी. तिले वाटे, आपला नंबर लागी."

त्याला आणखी एक आठवलं. "चंद्रवर डब्बा कथाईन उना, असं मी तव्हय तुले इचारं व्हतं. तू इतली चिडी गयथी!" मग हळू आवाजात म्हणाला, "ते मले आते समजनं."

मला रडू आलं. लपवलं नाही. सातवीतल्या त्या मुलीला दर रविवारी काय वाटत होतं ते तिनं सगळं सांगून टाकलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं समजलं नसतानाही ते इतकी वर्षं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

"मंग?" मी विचारलं. "उनात का ते तिले लेवाले?" मला खरोखरच माहीत नव्हतं.

"उनात ना," भाऊ म्हणाला. "जेवाले बसनात ते एक ताट उरनं." आणि जहाज कसं फिरवलं, परतीचं तेल पुरणार नाही म्हणून कोण कोण आडवं आलं, कॅप्टननं त्यांना काय सुनावलं, हे सगळं त्यानं मला शेवटपर्यंत सांगितलं. मी समोर बसून ऐकत होते आणि तो जरा थांबला की विचारत होते, मंग?